चौदा पावलांची फरसबंदी

अमरावतीच्या उन्हात काचेचं घर बांधणारा माणूस आमच्या अख्ख्या वलगाव रस्त्यावर एकच होता, आणि तो माझा बाप होता. शेजारचे म्हणायचे, "हितं माणसं कौलाखाली शिजून राहिली, अन् हे झाडाईले काचेत ठेवतात!" बाबा नुसते हसायचे. फाल्गुन लागला की ते काचांना बाहेरून चुना फासत, आत गोणपाटं भिजवून टांगत आणि दोन्ही टोकांच्या झडपा उघड्या ठेवत. भर वैशाखात अंगणातला वारा तोंड भाजून काढायचा, आणि आत पाऊल टाकलं की ओली माती, नेच्यांचे हिरवे पिसारे आणि चिखलदऱ्याहून आणलेली एक आमरी, म्हणजे ऑर्किड, लाकडाच्या ओंडक्याला बिलगलेली. मी तेव्हा तेवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिक्षिका. जगातलं बहुतेक सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. पण त्या दारातून आत गेले की माझीही बोलती बंद व्हायची.

बाबांनी अकोल्याच्या एका सरकारी बागेत तीस वर्षं काढली. तिथं इंग्रजांच्या वेळचं मोठं काचघर होतं. आधी ते पाणी वाहायचे, मग माळी झाले. त्यांचा हात लागलेलं झाड सहसा मरत नाही, हे साहेबांच्या ध्यानात यायला बरीच वर्षं लागली, पण आलं. त्या काचघराच्या दाराशी काळ्या दगडांची फरसबंदी होती आणि तिच्यावर वेताच्या खुर्च्या. पाहुणे येत, चहा होई, झाडांचं कौतुक होई. बाबांनी ती फरशी तीस वर्षं धुतली. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, आणि त्यानंतर बाबा कोणापुढे वाकून बोललेले मी पाहिले नाहीत. पण त्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत. मी एकदा चिडूनच विचारलं, "काहून नाई बसत? आता कोन काय म्हनते?" ते म्हणाले, "दुसऱ्याच्या खुर्चीत कायले बसाचं? आपल्या काचघरापाशी बसीन."

निवृत्त झाल्यावर ते माझ्या नोकरीच्या गावी, अमरावतीला आले आणि त्यांनी खरंच काचघर बांधलं. पाडलेल्या एका बंगल्याच्या खिडक्या मिळवल्या. एकीचं माप दुसरीला नाही. तरी अशा बसवल्या, की वाऱ्यात एकही काच खडखडत नसे. फरशीचं मात्र राहिलं. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या हातातली झारी खाली पडली, आणि त्यांना ती उचलता येईना. उजवी बाजू गेली होती.

दोन महिन्यांनी ते काठी टेकत उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "चालवा, रोज चालवा. पण एकदा पडले, तर पुन्हा उठतील असं मी सांगू शकत नाही." मागच्या दारापासून काचघरापर्यंत चौदा पावलं होती, आणि ती चौदाही पावलं काळ्या मातीतली. वऱ्हाडातली काळी माती पावसात पाहिली नसेल त्याला काय सांगावं! चप्पल पायात राहत नाही, आणि काठी रुतली की ती उपटायला दुसरा माणूस लागतो. म्हणजे मृगापासून दिवाळीपर्यंत बाबांनी खिडकीत बसून काचघर पाहायचं. ते स्वतः एवढंच म्हणाले, "खिडकीतूनच पाह्यत राह्यलो, तर हा पावसाया काई माह्याच्यानं निघत नाई." हे ते दुःखाने म्हणाले नाहीत. रोपाविषयी म्हणावं तसं म्हणाले, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी ठरवलं, फरसबंदी करायची. दारापासून काचघरापर्यंत वाट, आणि काचघरापाशी खुर्ची मावेल एवढा चौक. बाबांचा अकोल्याचा एक जुना सोबती मदतीला धावला. बागेतल्या त्या फरशीच्या जागी सिमेंट झालं होतं आणि काढलेले दगड कुंपणाशी पडले होते. त्याने कचेरीतून रीतसर परवानगी काढली, आणि एका ट्रकात सरकीच्या पोत्यांबरोबर ते दगड आमच्या दारात आले. बाबांनी काठी टेकत एकेक दगड पाहिला. एकावर डावा हात ठेवून म्हणाले, "हा दाराजवयचा. ह्याचा कोपरा माह्याच हातानं फुटला." मला भरून आलं, आणि भरून आलं की मी कामाला लागते, हा माझा स्वभाव.

आता माझ्या आईविषयी सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं तर तिची आहे. तिला आम्ही माय म्हणायचो. बाबा अकोल्याला नोकरीत होते तेव्हा माय टोळीबरोबर सडकेच्या कामावर जायची, पार इकडे अमरावतीपर्यंत. गिट्टी फोडायची, मुरूम पसरायची, धुम्मस चालवायची. धुम्मस म्हणजे जमीन ठोकून बसवायचं जड लोखंडी ठोकणं. अमरावतीहून चांदूर बाजाराकडे जाणाऱ्या सडकेचा बराच तुकडा तिच्या टोळीने ठोकलेला. तिला अक्षर येत नव्हतं. शाळेत कोणी विचारलं, "आई काय करते?" तर मी म्हणायचे, "घरीच असते." हे मी बरीच वर्षं म्हणत होते, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं.

वैशाखाच्या सुट्टीत मी दोरी, खुंट्या आणि काटकोन तपासायचा गुनिया घेऊन अंगणात उतरले. तीन, चार आणि पाच हातांचा त्रिकोण मांडून काटकोन काढले. जमिनीला भेगा पडल्या होत्या, कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या. मी विचार केला, ह्या पोकळ जागांवर दगड ठेवले तर खचतील. म्हणून पेढी नदीची रेती आणवली आणि एकेक भेग तोंडापर्यंत भरून काढली. माय उंबऱ्यात बसून पाहत होती. म्हणाली, "भेगाईत रेती नको भरू वं. तिले जागा लागते."

"कोनाले जागा लागते?"

"मातीले."

मी म्हणाले, "माय, हे भूमितीचं काम हाय. तुले नाई समजाचं."

आज हे लिहिताना माझे कान तापतात.  माय उठली, पदर खोचला आणि रेतीचं घमेलं डोक्यावर घेऊन मला आणून द्यायला लागली. आपल्याला चूक वाटत असलेल्या कामाची रेती तिने दोन दिवस वाहिली.

फरशी दिसायला फार सुंदर झाली. दगडाला दगड असा भिडवला, की मध्ये कागद जाऊ नये. काचघराच्या चौकटीलाही दगड अगदी चिकटवून बसवले. पाणी ओतून ढाळ पाहिला. मग शाळेतून एक जुनी वेताची खुर्ची मागून आणली. बाबा चौदा पावलं चालून गेले आणि बसले. बराच वेळ बसले. मी त्यांच्याकडे पाहत उभी होते, आणि स्वतःवर इतकी खूश होते की माय कुठे आहे हे पाहिलंही नाही.

मृग कोरडा गेला. आर्द्रा नक्षत्रात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी मागे काच तडकल्याचा आवाज आला. मग दुसरा. मी दार उघडलं आणि तिथंच थांबले.

फरशी उठली होती. दोघींनी मिळून हलवायचा दगड वीतभर वर आला होता, आणि त्याला कोणी हात लावला नव्हता. मधले दगड एकमेकांच्या अंगावर चढले होते. मी पाहत असताना, अगदी पाहत असताना, कोपऱ्यातला एक दगड करकरला आणि बोटभर वर सरकला. चौकटीला चिकटवलेल्या दगडांनी काचघर एका बाजूने ढकललं होतं, आणि काचा एकेक करून जात होत्या. वारा नव्हता, पाऊसही थांबला होता. खाली नुसती माती होती, मी रोज जिच्यावर उभी राहून केस वाळवायचे ती. एवढी ताकद तिच्यात होती आणि ती काही न बोलता पडून असायची, हे मला त्या क्षणी कळलं. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर हात जोडावेसे वाटले.

तेवढ्यात बाबा माझ्या बाजूने पुढे गेले. आमरी वाचवायला निघाले होते. मी ओरडले तोवर काठी दोन दगडांच्या फटीत अडकली आणि ते पडले.

हाड मोडलं नाही, पण ते पुन्हा खाटेला लागले. मी दिवसभर सगळ्यांवर संतापले, आभाळावर, दगडांवर, फुटक्या काचांवर. संध्याकाळी माय म्हणाली, "झालं का ओरडून? चाल मंग, दगड काढू." ती सब्बल घेऊन आली, लोखंडी पहार. एका दगडाखाली टोक घालून तिने तो अलगद उलटा केला, जशी तव्यावरची भाकर उलटावी. खाली माझी रेती होती, ओली, तशीच. "पाह्य," माय म्हणाली, "उन्हायात माती आकसते, म्हून भेग पडते. पानी पडलं का फुगते, अन् त्या भेगीतच पसरते. तू तिची जागाच भरून टाकली. मंग ते कुठं जाईन? वरतेच येईन ना."

मी विचारलं, "तू तेव्हाच नीट काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं," माय म्हणाली. बस्स, एवढंच.

त्या पावसाळ्यात मायने काचघरच बाबांकडे न्यायला सुरुवात केली. रोज सकाळी एक कुंडी घमेल्यात ठेवून, डोक्यावर घेऊन, घोट्याएवढ्या चिखलातून ती खाटेपाशी आणायची. बाबा डाव्या हाताने माती उकरत, पिकलं पान काढत, पाणी घालत. संध्याकाळी कुंडी परत जायची. काचांच्या जागी तिने ताडपत्री बांधली. झाडं जगली. बाबाही जगले, आणि कार्तिकात पुन्हा काठीवर उभे राहिले.

मग माय तिच्या जुन्या टोळीतल्या तिघींना घेऊन आली. माती ना चिखल ना कोरडी, असा वाफसा आला होता. चौघींनी वाट आणि चौक मिळून सगळी काळी माती कमरेएवढी खोल खणून काढली. टेकडीपलीकडून बैलगाड्यांनी मुरूम आला. वीतभर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, ठोकायचं, पुन्हा वीतभर. धुम्मस चालवताना चौघी एका तालात हुंकारायच्या आणि घरातली भांडी फळीवर थरथरायची. प्रत्येक थर झाला की माय त्याच्यावरून अनवाणी चालायची. दोन पावलं चालायची, टाच आपटायची, मान तिरकी करून ऐकायची. "हितं बसकी वाजते. अजून ठोका." मी तिथं टाच आपटून पाहिली. मला दोन्हीकडे सारखंच वाटलं. दहा-बारा वेळा आपटली, पाय दुखला, तरी फरक कळेना. शेवटी मायने माझा हात धरून मला आधी एका जागी उभं केलं, मग दुसऱ्या. "कानानं नको ऐकू. गुडघ्यात पाह्य." आणि खरंच, एका ठिकाणी धक्का गुडघ्यापर्यंत येत होता, दुसरीकडे घोट्यातच विरत होता. तीस मुलींना मी भूमिती शिकवत होते, आणि ही बाई टाचेने जमिनीचं पोट तपासत होती. मी तिच्याकडे पाहतच राहिले. पुण्याकडून बदलून आलेली एक सहशिक्षिका त्याच वेळी आमच्याकडे आली होती. तिने हळूच विचारलं, "फारच जाणती दिसते ही बाई. कुठून मिळाली तुम्हाला?"

मी म्हणाले, "ही माझी आई. हिने सडका बांधल्यात." माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला असावा. माय वळून बघायला लागली.

पौषात भराव पूर्ण झाला. मी दगड मोजून ठेवले. माय म्हणाली, "आता नाई. एक पावसाया जाऊ दे त्याच्यावरून."

आमचं मोठं भांडण झालं. मी म्हणाले, बाबांचं वय पाहा, तब्येत पाहा, अजून एक पावसाळा ते खाटेवर काढतील कशावरून? माय म्हणाली, मुरूम आपल्या वजनाने बसतो तो पाण्यातच बसतो, आणि ह्या खेपेला दगड हलला तर पुन्हा पडतील ते. दोघींचंही म्हणणं एकाच माणसासाठी होतं, आणि दोघींनाही ते कळत होतं, म्हणूनच कोणी मागे हटेना. शेवटी मी बाबांकडे गेले. ते एका नेच्याची मुळं सोडवत होते. वर न पाहता म्हणाले, "मातीचं तिले समजते, मास्तरीनबाई. मले फक्त झाडाचं समजते."

तो पावसाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब पावसाळा. भाद्रपदात बाबांना ताप भरला. सहा दिवस उतरेना, आणि सातव्या दिवशी त्यांनी समोर आणलेल्या कुंडीला हात लावला नाही. मी मायवर डोळे काढले. तोंडाने बोलले नाही, पण तिला कळलंच असणार. त्या सकाळी मी तिला मागच्या अंगणात पाहिलं. ती पावसात भरावावर उभी होती, टाच आपटत होती आणि ऐकत होती. मग दोन पावलं पुढे, पुन्हा टाच. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माय घाबरली होती. माझ्याहून जास्त घाबरली होती, आणि तरी दगड टाकू या असं ती म्हणाली नाही.

ताप उतरला. पाऊस संपल्यावर पाहिलं, तर काचघराकडचा कोपरा चार बोटं खाली बसला होता. त्याच्यावर दगड असते तर तिथंच ठेच लागली असती. माय मुरमाचं घमेलं आणायला वळली. मीच तिथं उकिडवी बसले आणि चार बोटं लावून पाहिली.

कोपरा भरला, ठोकला, आणि दगड बसले. दोरी माझी, डोळा तिचा. काचघराच्या चौकटीपासून हातभर जागा तिने मोकळी सोडायला लावली आणि तीत भुसभुशीत मुरूम टाकला. "हलाचं असंन तर हितं हलन," ती म्हणाली. बाबांनी नव्या काचा बसवून घेतल्या. हिवाळा, उन्हाळा गेला. ते रोज त्या वाटेवरून जात होते, पण आमचं तिघांचंही लक्ष आभाळाकडे होतं.

त्या वर्षी आर्द्रात पाच दिवस झड लागली. शेजाऱ्याची न्हाणीघराची भिंत उभी फाटली. आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला तडा गेला. सहाव्या दिवशी बाबांनी काठी घेतली. मी पुढे झाले तर डाव्या हाताने मला बाजूला केलं. दोन्हीकडे माती फुगून, फाटून वर आली होती, आणि तिच्या मधून ती काळी, ओली फरसबंदी सरळ गेली होती, एक दगड जागचा हलला नव्हता. काठीचा टक आवाज आला, मग पाऊल. पुन्हा टक. मी मनात मोजत होते. माय दाराच्या आड उभी होती. ती पाहत नव्हती. डोळे मिटून ऐकत होती.

चौदावं पाऊल पडलं. बाबांनी काचघराचं दार उघडलं, आत गेले, आमरीला हात लावून बाहेर आले. खुर्ची तिथंच होती. ते बसले नाहीत. चौकटीला धरून उभे राहिले आणि हाक मारली, "अवं, ये इकडे. बस."

माय निघाली. फरशीपाशी आली आणि थांबली. दारातल्या गोणपाटावर तिने आधी एक पाय पुसला, मग दुसरा.

"पाय काहून पुसून राह्यली?" बाबा म्हणाले.  "तुयीच हाय ते."

ती चालत गेली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली. खुर्ची मी एकच आणली होती. सगळी मापं घेतली मी, पण मायला बसायला काही लागेल हे दोन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी घरात धावले. दुसरी खुर्ची नव्हतीच. घमेलं उपडं घालायला घेऊन बाहेर आले, तर बाबा तसेच उभे होते, हसत होते, आणि माय दोन्ही पाय दगडावर टेकवून मागे रेलली होती. तिने एक पाय उचलला, टाच दगडावर आपटली आणि मान तिरकी केली.

"खनखनीत वाजते," ती म्हणाली.